जनावरांच्या डॉक्टरकीचा स्वस्त रस्ता आपल्याच राज्यात आहे, तो पालकांना कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की दोन-तीन दिवस तुमच्या पेपरात पान भरून माहिती येते, एमबीबीएसचा कट-ऑफ कुठपर्यंत येईल, बीडीएसला काय चान्स, बीएएमएस, बीएचएमएसचे राउंड कधी. चांगली असते माहिती, मी कात्रणं काढून आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावते. पण त्यात व्हेटरनरीचं म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या जनावरांच्या डॉक्टरकीच्या पदवीचं नाव शोधून सापडत नाही, आलंच तर शेवटी एका ओळीत "इतर अभ्यासक्रम" म्हणून. मी सांगोल्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी शेरडं-मेंढरं नाहीतर दोन-चार गाई आहेत, रात्री गाय अडली की काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि दरवर्षी दोन-तीन तरी पोरं अशी निघतात की ज्यांना मनापासून जनावरांचा डॉक्टरच व्हायचंय, एमबीबीएस मिळालं नाही म्हणून नव्हे तर हेच करायचंय म्हणून. आणि नेमकी हीच पोरं माहितीवाचून मागे राहतात किंवा एजंटच्या हाताला लागतात. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी छापा ही विनंती.

पहिली गोष्ट जी शंभरातल्या नव्वद पालकांना माहीत नसते ती अशी की व्हेटरनरीला नीट लागते, पण नीट दिली आणि राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म भरला म्हणजे व्हेटरनरीचा फॉर्म भरला असं होत नाही. सीईटी सेलकडे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस वगैरे. व्हेटरनरीची प्रवेश प्रक्रिया नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे माफसू म्हणतात, ते स्वतः करतं, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर, वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळ्या तारखा. हा झाला राज्याच्या ८५ टक्के जागांचा विषय. उरलेल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात, त्या भारतीय पशुवैद्यक परिषद म्हणजे व्हीसीआय भरते, त्याचं काउन्सेलिंग अजून वेगळं. म्हणजे एकाच नीटच्या मार्कांवर पोराला तीन ठिकाणी नाव नोंदवायचं असतं आणि घरी हे सांगणारं कुणी नसतं. आमच्याच कॉलेजचा एक मुलगा, मार्क चांगले, व्हेटरनरीला आरामात बसला असता, तो सीईटी सेलच्या यादीत व्हेटरनरी कधी येते याची वाट बघत बसला आणि माफसूची तारीख निघून गेली. आता बी.एस्सी. करतोय. पोरगा हुशार आहे, काहीतरी करेलच, पण एका फॉर्मपायी त्याचं डॉक्टर होणं राहिलं.

आणि फॉर्मची तारीख गेली की मग एजंट येतात.

ते कसे येतात ते सांगते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी असाच एकजण आला होता. घरची मेंढरं, वडील दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. मुलीला व्हेटरनरीलाच जायचं होतं. त्याने रंगीत छापलेला कागद दिला, परराज्यातल्या एका खासगी कॉलेजचा, वर ठळक अक्षरात साडेतीन लाख आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात "प्रति वर्ष". वडिलांना वाटलं एकूण साडेतीन लाख, अर्धा एकर विकला की झालं. ते कागद घेऊन माझ्याकडे आले म्हणून बरं. आम्ही दोघांनी बसून त्याच कागदाच्या पाठीवर बेरीज मांडली. साडेतीन लाख गुणिले साडेचार वर्षं, पावणेसोळा लाख. हॉस्टेल-मेस वर्षाला लाखभर, ते इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, साडेपाच लाख. त्यात डिपॉझिट, परीक्षा फी, येण्याजाण्याचं रेल्वे भाडं, आणि "डेव्हलपमेंट" नावाची एक रक्कम जिचा आकडा कागदावर दिलेलाच नव्हता, फोन करा म्हणून लिहिलेलं. बावीस लाखाच्या घरात गेलं सगळं. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि मग एवढंच म्हणाले की मॅडम, म्हणजे रानही गेलं आणि मेंढरंही गेली.

माफसूचा फॉर्म भरायला तेव्हा दोन दिवस बाकी होते. धावपळ करून भरला. पहिल्या राउंडला नाव नाही, दुसऱ्याला नाही, नंतरच्या राउंडला उदगीर मिळालं. हे मुद्दाम लिहितेय कारण पहिल्या यादीत नाव दिसलं नाही की घरचे लगेच हाय खातात, पण एमबीबीएस-बीएएमएस मिळालेली पोरं व्हेटरनरीची जागा सोडत जातात आणि पुढच्या राउंडला कट-ऑफ खाली सरकतो, त्यामुळे शेवटच्या राउंडपर्यंत थांबायचं, आणि तोपर्यंत खासगीत एक रुपयाही भरायचा नाही.

आता कॉलेजं कुठली ते. आपल्या राज्यात माफसूची जुनी सरकारी कॉलेजं पाच आहेत. मुंबईत परळचं, १८८६ पासूनचं, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. नागपूरचं, परभणीचं, लातूर जिल्ह्यात उदगीरचं आणि सातारा जिल्ह्यात पुणे-सातारा हायवेवर शिरवळचं. अकोल्याला आधी फक्त पीजी म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण होतं, तिथे आणि आणखी काही ठिकाणी पदवीच्या नव्या कॉलेजांना सरकारने मंजुरी दिलीये, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षाची यादी बघून घ्यावी. या सगळ्यांची पदवी एकाच विद्यापीठाची, अभ्यासक्रम व्हीसीआयने देशभरासाठी ठरवलेला, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे परळमधून डॉक्टर झालेला आणि उदगीरमधून झालेला यांच्या सर्टिफिकेटात काडीचा फरक नाही. फी सुद्धा सरकारी हिशोबाची, खासगीत वर्षाला लाखात मोजतात ती इथे हजारात. मग फरक कशात पडतो, तर राहण्याखाण्याच्या खर्चात आणि रोज समोर कुठली जनावरं येतात त्यात. आणि कॉलेजचा पसंतीक्रम भरताना नेमक्या याच दोन गोष्टी कुणी बघत नाही, सगळे डोळे झाकून मुंबई एक नंबरला टाकतात.

मुंबई वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. ज्याला कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करायचीये, सर्जरीत जायचंय, त्याने परळ पहिलं टाकावं, तिथे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल शेजारीच आहे, पेट्सच्या तसल्या केसेस गावाकडे बघायला मिळत नाहीत. पण हॉस्टेलला जागा मिळाली नाही तर मुंबईत खोलीचं भाडंच घरचं सगळं गणित बिघडवून टाकतं, फी कमी असून उपयोग काय. उदगीरला माझ्या विद्यार्थिनीला मेसला महिन्याला तीन-साडेतीन हजार लागतात, आठवड्याचा किरकोळ खर्च शे-दीडशेत भागतो. आणि तो भाग देवणी गाईचा, लाल कंधारीचा, उस्मानाबादी शेळीचा. म्हणजे उद्या ज्याला आपल्याच तालुक्यात दवाखाना टाकायचाय त्याच्या हाताखालून रोज तीच जनावरं जाणार. परभणीचंही तेच. शिरवळ आमच्या भागातल्या पोरांना सोयीचं, एसटीने सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं, आजूबाजूला डेअरी आणि पोल्ट्री भरपूर. नागपूरला वाइल्डलाइफची आवड असलेल्यांनी जावं, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय जवळ आहे. मला विचाराल तर मी गावाकडच्या पोरांना उदगीर, परभणी, शिरवळ या तिघांपैकी घराला जवळचं ते वर टाका असंच सांगते, आणि ते नाइलाजाने म्हणून सांगत नाही, तिथे ते जास्त शिकतील असं मला खरंच वाटतं म्हणून सांगते.

कुठलंही कॉलेज बघायला गेलात, सरकारी असो की खासगी, तर बिल्डिंग बघू नका, लॉबीतल्या सोफ्यावर जाऊ नका. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या दवाखान्यात जाऊन उभे रहा. कॉलेजला जोडलेला जनावरांचा दवाखाना आणि जनावरांचं फार्म असणं व्हीसीआयच्या नियमात सक्तीचं आहे. तिथे टेम्पोतून गाई-म्हशी उतरतायत का, शेतकरी रांगेत आहेत का, एका केसभोवती पोरं वाकून बघतायत का, की नुसतं सामान मांडून ठेवलंय आणि रजिस्टरात पान कोरं आहे, हे अर्ध्या तासात कळतं. माझी विद्यार्थिनी सांगते की उदगीरला पहिल्यांदा केस घेताना सरांनी जनावराला हात लावू दिला नाही, आधी मालकाला विचार म्हणाले, कालपासून काय खाल्लं, रवंथ करते का, शेण घट्ट की पातळ, दूध कधीपासून कमी झालं, पाणी पिते का. शेतकऱ्याशी एवढं बोलून झाल्यावर मग थर्मामीटर. हे बोलणं ज्या भाषेत होतं ती भाषा पोराला यायला पाहिजे, म्हणून सुद्धा लांब परराज्यात पैसे भरून पाठवण्याआधी चारदा विचार करा, जनावर बोलत नाही आणि मालकाचं बोलणं पोराला कळत नाही, मग शिकणार काय.

त्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्याचं मात्र वेगळं आहे, तो जरूर भरा, कारण त्यातून दुसऱ्या राज्यातलं सरकारी कॉलेज मिळालं तरी फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते. तिथेही आपल्या सीमेलगतची आधी बघावीत. कर्नाटकात बिदर, उदगीरपासून काहीच लांब नाही आणि मराठी समजणारी माणसंही सापडतात. सोलापूरवाल्यांना बिदर, नाशिक-धुळ्याकडच्यांना गुजरातचं नवसारी किंवा मध्य प्रदेशातलं महू. फक्त एक करा, व्हीसीआयच्या यादीत टाकताना प्रत्येक कॉलेजची फी आणि हॉस्टेल त्या-त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर जाऊन आधी बघा, जागा मिळाल्यावर नको.

मान्यतेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि एजंट नेमका तोच गुळगुळीत करून सांगतात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्याप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडे रजिस्ट्रेशन असेल तरच माणूस जनावरांचा डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करू शकतो. कॉलेजला पोरं घ्यायची परवानगी मिळणं वेगळं आणि त्या कॉलेजच्या पदवीला मान्यता मिळणं वेगळं. नव्या कॉलेजाची परवानगी दाखवून "मान्यता आहे" म्हणून सांगितलं जातं. तेव्हा त्या वर्षी प्रवेशाची परवानगी आहे का, आणि आधीची बॅच पास होऊन रजिस्टर झालीये का, हे दोन्ही प्रश्न विचारा आणि उत्तर एजंटच्या तोंडून न घेता व्हीसीआयच्या यादीत स्वतः बघा.

त्यातच डिप्लोमाचा घोळ. दहावी-बारावीनंतर पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करा आणि डॉक्टर व्हा अशा जाहिराती आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेल्या असतात. डिप्लोमा झालेली माणसं गावोगाव चांगलं काम करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी ही चांगली नोकरी आहे. पण कायद्याने ते डॉक्टर नाहीत, रजिस्टर्ड डॉक्टरच्या देखरेखीखाली प्राथमिक उपचार करू शकतात एवढंच. ज्या पोराला ते करायचंय त्याने समजून उमजून करावं. डॉक्टर व्हायचंय म्हणून फसून करू नये, त्यात पैसे जातात आणि वर्षंही जातात. डेअरी टेक्नॉलॉजी आणि फिशरीचे कोर्स माफसूकडेच आहेत पण त्यांना नीट नाही तर एमएचटी-सीईटी लागते, तेही बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून बारावीला दोन्ही परीक्षा देऊन ठेवलेल्या बऱ्या.

पैशाचं अजून थोडं. सरकारी जागा मिळाली की मदतीची दारं उघडतात. एससी, एसटी, भटक्या-विमुक्तांच्या पोरांना सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरून ट्यूशन आणि परीक्षा फी मिळते, माझी विद्यार्थिनी एनटी-सीमधली, तिला त्याचाच आधार झाला. ओपनमधल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने जो निर्णय काढला त्याप्रमाणे आठ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे आणि त्यात पशुसंवर्धन खात्याचे कोर्ससुद्धा येतात. हे ऐकून कितीतरी आया माझ्याकडे आश्चर्याने बघतात, त्यांना वाटत होतं ते फक्त इंजिनीअरिंगला आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना हॉस्टेलच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयम. पण या सगळ्याचे पैसे उशिरा येतात, कधी वर्ष उलटल्यावर, म्हणून पहिल्या वर्षाचा मेसचा आणि किरकोळ खर्च हाताशी धरूनच पाठवा. आणि तरीही कमी पडलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखापर्यंत काही तारण न ठेवता मिळतं, सरकारी जागेला बहुतेकांचं त्यात भागतं. बावीस लाखाला मात्र बँक सातबारा मागते.

एवढं शिकून पुढे काय असं विचारणारे अजून आहेतच, "ढोरांचा डॉक्टर" म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना २०२२ सालची लम्पी रोगाची साथ आठवते का विचारा, बैलांच्या अंगावर गाठी आल्या आणि गावोगाव माणसं डॉक्टर शोधत फिरत होती. आपल्या राज्यात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे तीन कोटी तीस लाखाच्या आसपास जनावरं आहेत. एमपीएससीने २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांची जाहिरात काढली, ग्रुप ए ची पदं, इतक्या जागा रिकाम्या होत्या तोवर. नोकरी नको असेल तर स्वतःचा दवाखाना, डेअरी, पोल्ट्री, औषध कंपन्या, पीजी करून संशोधन. मुलींना झेपेल का हा प्रश्न मला आता विचारूच नका, सगळ्या कॉलेजात मुली शिकतायत आणि गाय अडल्यावर त्याही खांद्यापर्यंत हात घालून वासरू काढतात.

सरकारकडे माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या तुमच्या पेपरमधून पोचाव्यात असं वाटतं. एक म्हणजे नीटचा निकाल लागला त्याच दिवशी सीईटी सेलच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहा की व्हेटरनरीचा फॉर्म इथे नाही, तो माफसूकडे आहे, आणि त्याची लिंक द्या. याला खर्च काहीच नाही. दुसरी, जागा वाढवताना हॉस्टेलही वाढवा. कॉलेजची जागा मिळाली आणि हॉस्टेलची मिळाली नाही तर गरीब घरच्या मुलीला ती जागा सोडावी लागते, गावात एकटी खोली घेऊन राहू द्यायला घरचे तयार होत नाहीत, हे मी बघितलंय.

आणि यंदा बारावीला बसलेल्यांच्या आईवडिलांना एक सांगायचंय. जात पडताळणीचा अर्ज आत्ता टाका, निकालानंतर नाही, त्याला महिनोन्महिने लागतात. नॉन क्रीमी लेयर लागू असेल तर ते, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला हे सगळं सेतूत जाऊन उन्हाळ्याच्या आत काढून ठेवा, दाखल्यावरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटावरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे ना ते बघा, आडनावाच्या एका वेलांटीवरून अर्ज परत आलेले मला माहीत आहेत. नीटच्या फॉर्ममध्ये कॅटेगरी बरोबर टाका. मोबाइल नंबर आणि ईमेल नेट कॅफेवाल्याचा नको, स्वतःचा द्या, नाहीतर राउंडचे मेसेज त्याला जातात आणि तुम्हाला कळतच नाही. निकालानंतर रोज संध्याकाळी माफसूची वेबसाइट उघडून बघा, आणि ज्यांना हे जमत नसेल त्यांनी आपापल्या कॉलेजच्या बायोलॉजीच्या सर-मॅडमना निःसंकोच धरावं, आम्ही त्यासाठीच आहोत.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, ता. सांगोला, जि. सोलापूर